दोन गतींची गाठ

फळ्यावर वर्तुळ काढायचे असले की मुले कंपास मागतात, नाहीतर दोऱ्याला खडू बांधतात. चौकोनाला पट्टी आणि गुण्या पुरतात. पण 'चकली काढा' म्हटले, तर ही सगळी साधने बाजूला पडतात आणि मुले नुसत्या हाताने गोल गोल गिरवू लागतात. एखादा हुशार विद्यार्थी लहानमोठी अर्धवर्तुळे एकमेकांना जोडून चकलीसारखे काही काढतो. ते दिसते छान, पण ती खरी चकली नव्हे. कंपासाच्या दोन टोकांतले अंतर एकदा ठरले की ठरले. चकलीत मात्र मध्यापासूनचे अंतर क्षणोक्षणी बदलत असते.

स्वयंपाकघरात सोऱ्यातून चकली पाडणाऱ्या हाताकडे पाहिले, तर उत्तर सापडते. तो हात एकाच वेळी दोन कामे करतो. तो गोल फिरतो आणि फिरता फिरता हळूहळू बाहेर सरकतो. दोन्ही गती सारख्या बेताने झाल्या की वेढे एकमेकांना बरोबर लागून बसतात. बाहेर सरकणे जास्त झाले तर फटी पडतात, कमी झाले तर वेढ्यावर वेढा चढतो.

बाटलीचे झाकण, नट-बोल्ट, पेनाचे टोपण, वातानुकूलन यंत्रातला काँप्रेसर, ध्वनिवर्धकाची जाळी अशा कितीतरी वस्तूंत हा वळत जाणारा आकार असतो. आज अशा वस्तूंचे भाग संगणकावर 'पॅरामेट्रिक' आज्ञावल्या वापरून घडवले जातात. ही पद्धत अगदी नवी वाटते, पण तिच्यामागची कल्पना बावीस शतकांहून जुनी आहे. वळणारा आकार म्हणजे दोन गतींची गाठ. ही गाठ माणसाने आधी व्याख्येत, मग दातेरी चाकांत आणि शेवटी संख्यांत कशी बांधली, त्याचा हा इतिहास आपण पाहू या.

आर्किमिडीजची व्याख्या

सिराक्यूजचा आर्किमिडीज इ.स.पू. २८७ च्या सुमारास जन्मला आणि इ.स.पू. २१२ मध्ये मारला गेला. सर्पिलांवर त्याने एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यातली व्याख्या पाहण्यासारखी आहे. एक सरळ रेषा आपल्या एका टोकाभोवती एकसारख्या वेगाने फिरते आहे. त्याच वेळी एक बिंदू त्या स्थिर टोकापासून निघून रेषेवरून एकसारख्या वेगाने बाहेर चालला आहे. त्या बिंदूचा मार्ग म्हणजे सर्पिल.

पट्टी-कंपासाच्या भूमितीत आकृत्या स्थिर असतात. इथे आकृतीच्या व्याख्येतच हालचाल आली. या व्याख्येवरून आर्किमिडीजने सिद्ध केले, की सर्पिलाच्या पहिल्या वेढ्याने व्यापलेले क्षेत्रफळ त्याला बाहेरून वेढणाऱ्या वर्तुळाच्या बरोबर एकतृतीयांश असते. आलेखकागदावर सर्पिल काढून चौरस मोजले, तर आठवीतल्या मुलांनाही याचा पडताळा घेता येतो.

सर्पिल सपाट कागदावर पसरते. तीच दोन गतींची जोडी दंडगोलावर चढवली, म्हणजे फिरता फिरता बाहेर न जाता वर सरकलो, तर मिळते ते मळसूत्र. कारागीर त्याला 'आटे' म्हणतात. त्याचा अर्थ समजण्यासाठी एक सोपा प्रयोग आहे. ७ सेंमी व्यासाचा डबा घ्या. त्याचा परीघ सुमारे २२ सेंमी असतो. पाया ४४ सेंमी आणि उंची ६ सेंमी असा कागदाचा काटकोन त्रिकोण कापा, त्याचा कर्ण रंगवा आणि उंचीची बाजू डब्यावर उभी धरून कागद गुंडाळत जा. रंगीत रेघ डब्याभोवती दोन वेढे घेऊन ६ सेंमी चढते, म्हणजे एका वेढ्याला ३ सेंमी. या चढाला 'पिच' म्हणतात. स्क्रू म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला घाटरस्ताच! रस्ता लांबतो, पण चढण सौम्य होते. म्हणून थोड्या जोरात मोठे वजन उचलता येते.

पहिला स्क्रू आणायचा कुठून?

व्याख्या सोपी असली तरी तिच्याबरहुकूम लोखंड कापणे सोपे नव्हते. अठराव्या शतकापर्यंत बहुतेक आटे कानशीने घासून किंवा हातातल्या हत्याराने कापून केले जात. एका बोल्टाचा नट दुसऱ्याला बसेलच याची खात्री नसे. यंत्र उघडताना कुठला नट कुठल्या बोल्टाचा, याच्या खुणा कराव्या लागत.

अचूक स्क्रूची निकड आधी जाणवली ती उपकरणे बनवणाऱ्यांना. समुद्रावर जहाजाचे स्थान काढण्यासाठी सेक्स्टंट लागे आणि त्याच्या कमानीवर अंशांच्या बारीक खुणा कराव्या लागत. लंडनच्या जेसी रॅम्सडेनने या खुणा करणारे यंत्र बांधले आणि १७७७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या मोठ्या चाकाला २१६० दाते होते आणि एक स्क्रू त्या दात्यांत अडकून चाक फिरवी. स्क्रूचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक दाता, म्हणजेच अंशाचा सहावा भाग. इथे सगळा भरवसा त्या स्क्रूवर होता. आट्यांत दोष असता, तर तो कमानीवर उतरला असता आणि तिथून जहाजाच्या हिशेबात शिरला असता.

पण इथे एक कोडे आहे. अचूक स्क्रू कापणाऱ्या यंत्राला स्वतःचाच एक अचूक स्क्रू लागतो. मग पहिला आणायचा कुठून? हेन्री मॉडस्ले (१७७१–१८३१) या इंग्रज यंत्रज्ञाची एक पद्धत अशी होती. मऊ पदार्थाचा दंडगोल फिरवायचा आणि त्यावर तिरपे धरलेले पाते टेकवायचे. पात्याच्या तिरकसपणामुळे ते आपोआप पुढे सरकत जाते आणि दंडगोलावर मळसूत्र उमटते. आपला कागदी त्रिकोणच हा! पात्याचा कोन म्हणजे त्रिकोणाचा कोन. अशा स्क्रूंतले दोष सुधारून चांगला स्क्रू आणि त्याच्या मदतीने आणखी चांगला, अशी ही चढती पायरी होती.

१८०० च्या सुमारास मॉडस्लेने जो लेथ सिद्ध केला त्यात तीन गोष्टी एकत्र आल्या. हत्यार घट्ट धरून सरळ सरकणारी बैठक, तिला सरकवणारा लांब 'लीड स्क्रू' आणि कामाचा दांडा व लीड स्क्रू यांना जोडणारी, बदलता येणारी दातेरी चाके. स्क्रू कापणारे लेथ त्याच्या आधीही काहींनी बांधले होते. पण मॉडस्लेच्या कारखान्यातून ही पद्धत रुळली आणि त्याच्या हाताखाली शिकलेल्यांनी ती पुढे पसरवली.

फिरण्याची गती आणि सरकण्याची गती यांची गाठ आता कारागिराच्या मनगटात राहिली नाही, ती चाकांच्या दात्यांत गेली. याचे गणित वर्गात सहज करता येईल. लेथच्या लीड स्क्रूला इंचात ४ आटे आहेत आणि आपल्याला इंचात २० आटे हवे आहेत, असे समजू. मग लीड स्क्रूचा एक फेरा होईपर्यंत कामाच्या दांड्याचे पाच फेरे झाले पाहिजेत. दांड्यावर २० दात्यांचे चाक, स्क्रूवर १०० दात्यांचे. काम झाले! चाके बदला, आटे बदलतील. यंत्र तेच, हत्यार तेच, बदलली ती फक्त एक संख्या.

याच इंची लेथवर दीड मिलिमीटर पिचचे आटे कापायचे असतील तर? लीड स्क्रूचा पिच पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी. १.५ भागिले ६.३५ म्हणजे ३० छेद १२७. १२७ ही मूळ संख्या असल्याने हा अपूर्णांक आणखी लहान होत नाही. म्हणून इंच आणि मिलिमीटर यांचा अचूक मेळ घालण्यासाठी १२७ दात्यांचे चाक लागते आणि ते कितीतरी कारखान्यांत लेथशेजारी ठेवलेले असे. मूळ संख्यांचा उपयोग काय, असे मुलांनी विचारले तर हे उदाहरण जरूर सांगावे.

चित्राऐवजी संख्या

आटे हवे तसे कापता येऊ लागले, तसे प्रत्येक कारखान्याने आपले आटे ठरवले. जोसेफ व्हिटवर्थ हा मॉडस्लेकडे काम केलेला यंत्रज्ञ. त्याने ठिकठिकाणच्या कारखान्यांतून बोल्टांचे नमुने गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये सर्वांसाठी एकच पद्धत सुचवली. आट्याचा कोन ५५ अंश. पाव इंची बोल्टाला इंचात २० आटे, अर्ध्या इंचीला १२, एक इंचीला ८. अमेरिकेत १८६४ मध्ये विल्यम सेलर्सने ६० अंशांचा कोन सुचवला. तो समभुज त्रिकोणाचा कोन असल्याने काढायला आणि तपासायला सोपा होता. आजच्या मेट्रिक आट्यांचा कोनही ६० अंशच आहे.

या प्रमाणीकरणाचा आरेखनावर एक गमतीदार परिणाम झाला. मळसूत्र कागदावर बिनचूक काढणे फार वेळखाऊ. म्हणून आरेखकांनी ते काढणेच सोडले. बोल्टाच्या आकृतीत आट्यांच्या जागी दोन समांतर रेघा ओढायच्या आणि शेजारी 'एम १० × १.५' असे लिहायचे, हा संकेत रूढ झाला. मेट्रिक आटा, व्यास १० मिमी, पिच १.५ मिमी, एवढ्यात सगळे आले. टर्नर चित्राकडे पाहत नसे, तो संख्या वाचत असे. पॅरामेट्रिक आरेखनाचे बीज या दोन संख्यांत होते. आकार दाखवायचा नाही, तो ज्यावर अवलंबून आहे त्या संख्या सांगायच्या. गणितात अशा संख्यांना 'प्राचल' म्हणतात.

आकार ठाऊक, पण घडवता येईना

आकार ठाऊक असणे आणि तो घडवता येणे यांत किती अंतर असू शकते, ते लेओं क्रू या फ्रेंच अभियंत्याच्या कल्पनेवरून दिसते. त्याला १९०५ मध्ये एका यंत्राचे अमेरिकी पेटंट मिळाले. त्यात दोन सारख्या सर्पिल भिंती एकमेकींत अडकवलेल्या असतात. एक स्थिर असते. दुसरी स्वतःभोवती न फिरता, जात्यावर हात ठेवून तो गोल न्यावा तशी एका लहान वर्तुळावर हलत राहते. दोन भिंतींमध्ये चंद्रकोरीसारख्या पोकळ्या तयार होतात. त्या मध्याकडे सरकताना लहान लहान होत जातात आणि आतला वायू दाबला जातो. आजचा 'स्क्रोल काँप्रेसर' तो हाच.

या भिंतींचा वक्र सहसा आर्किमिडीजचा नसतो. एका गोल नळीवर गुंडाळलेला दोरा ताणून उलगडत गेलो की दोऱ्याचे टोक जो वक्र काढते, तो इथे वापरतात. त्याला आपण उलगडवक्र म्हणू. ख्रिस्तियान हायगेन्सने लंबकाच्या घड्याळांवरच्या १६७३ च्या ग्रंथात अशा वक्रांचा अभ्यास मांडला होता. तेव्हा भूमिती होती, कल्पनाही पुढे आली. पण भिंतींमधली फट अत्यंत बारीक राखावी लागते. ती वाढली तर वायू निसटतो, मिटली तर भिंती घासतात. अशा भिंती मोठ्या संख्येने आणि पुरेशा अचूकपणे कापणे जमेपर्यंत पाऊण शतकाहून अधिक काळ गेला. वातानुकूलन यंत्रांत हे काँप्रेसर १९८० च्या दशकात रुळले.

चाकांची जागा आकडे घेतात

मधल्या काळात काय बदलले? १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत होता. पात्याच्या वक्रावरचे बिंदू गणिताने काढून ते आकडेच थेट यंत्राला का देऊ नयेत, असे त्याला वाटले. या प्रयत्नातून १९५२ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत (एम.आय.टी.) आकड्यांवर चालणारे मिलिंग यंत्र दाखवण्यात आले. सूचना भोके पाडलेल्या फितीवर होत्या. पुढे संगणक आले आणि अशा यंत्रांना आपण सी.एन.सी. म्हणू लागलो. सी.एन.सी. लेथवर आटे कापताना बदलायची चाके नसतात. दांडा किती फिरला ते यंत्र सतत मोजते आणि त्या प्रमाणात हत्यार सरकवते. १२७ दात्यांच्या चाकाचे काम आता एक गुणाकार करतो.

घडवण्यात आकडे आले, पण आरेखनात? एम.आय.टी.मध्येच आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्याने १९६३ मध्ये पीएच.डी.साठी 'स्केचपॅड' ही आज्ञावली सादर केली. पडद्यावर प्रकाशलेखणीने वेड्यावाकड्या रेषा काढायच्या आणि मग सांगायचे, की या दोन समांतर हव्यात, या दोन सारख्या लांबीच्या हव्यात. संगणक आकृती त्याप्रमाणे बसवून घेई. या अटींना 'बंधने' म्हणतात. रेषेबरोबर रेषांमधले नातेही संगणकाच्या स्मरणात राहू लागले.

तरीही पुढची वीसेक वर्षे बहुतेक कारखान्यांत संगणक कागदाचेच काम करत होता. एक माप बदलले की त्याच्याशी जोडलेली इतर मापे आरेखकाला एकेक करून बदलावी लागत. सोव्हिएत संघातून अमेरिकेत गेलेले गणितज्ञ सॅम्युएल गाइसबर्ग यांनी १९८५ मध्ये एक कंपनी काढली आणि दशकाच्या अखेरीस 'प्रो-इंजिनिअर' ही आज्ञावली बाजारात आली. तिच्यात वस्तू म्हणजे प्राचले आणि त्यांच्यातले संबंध यांची साखळी होती. एक संख्या बदला, तिच्यावर अवलंबून असलेले सगळे पुन्हा घडेल. आज यंत्रभागांच्या बहुतेक आज्ञावल्यांत हेच तत्त्व आहे.

स्क्रोल काँप्रेसरच्या उदाहरणावरून याचे मोल समजेल. उलगडवक्र ज्या नळीवरून उलगडतो तिची त्रिज्या ३ मिमी धरू. मग लागोपाठच्या दोन वेढ्यांतले अंतर त्या नळीच्या परिघाइतके, म्हणजे १८.८५ मिमी. भिंतीची जाडी ४ मिमी ठेवली, तर हलणाऱ्या भागाच्या वर्तुळाची त्रिज्या या अंतराच्या निम्म्यातून जाडी वजा करून मिळते: ९.४२ − ४ = ५.४२ मिमी. उद्या कोणी ठरवले, की भिंत मजबूत हवी, जाडी ४.५ करा. मग त्रिज्या ४.९२ मिमी झाली पाहिजे. ही त्रिज्या राखणारा भाग वेगळाच असतो, तो दांड्यावर बसतो आणि त्याचे चित्रही वेगळ्या कागदावर असते. तो बदलायचा राहिला तर भिंती एकमेकींवर आदळतील. पॅरामेट्रिक आज्ञावलीत 'त्रिज्या = निम्मे अंतर − जाडी' हे नाते एकदा लिहिले, की जाडी बदलताच दांडाही बदलतो.

पण हे नाते लिहिणार कोण? संगणकाला ते आपोआप ठाऊक नसते. कोणती संख्या कोणावर अवलंबून आहे, हे माणसालाच समजावे लागते.

सूर्यफुलाचा आकडा

शेवटी एक अलीकडचे उदाहरण. ध्वनिवर्धकाच्या गोल जाळीला शेकडो छिद्रे पाडायची आहेत, सगळीकडे सारखी दाट. निसर्गाने हा प्रश्न सूर्यफुलात सोडवलेला आहे. झाडाच्या लागोपाठच्या पानांत किंवा बियांत सुमारे १३७.५ अंशांचा कोन असतो, हे ऑग्युस्त आणि लुई ब्राव्हे या फ्रेंच बंधूंनी १८३७ मध्ये मांडले होते. १९७९ मध्ये हेल्मुट फोगेलने त्यावरून एक सुटसुटीत सूत्र दिले. प्रत्येक नवे बी आधीच्या बीपासून १३७.५ अंश फिरवून ठेवा आणि त्याचे मध्यापासूनचे अंतर त्याच्या क्रमांकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घ्या. वर्गमूळ का? वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वर्गमूळ घेतले की प्रत्येक बीच्या वाट्याला सारखी जागा येते. म्हणजे इथेही फिरणे आणि बाहेर सरकणे यांचीच गाठ.

या सूत्रात कोन १२० अंश घातला, तर बिया तीन सरळ ओळींत उभ्या राहतात. १३५ अंश घातला, तर आठ ओळींत, कारण १३५ ची आठपट म्हणजे बरोबर तीन फेरे. १३७.५ ला मात्र जवळजवळ सारखी भरलेली तबकडी मिळते. 'जवळजवळ' म्हणण्याचे कारण असे, की १३७.५ अंश म्हणजे फेऱ्याचा ५५ छेद १४४ इतका भाग. म्हणजे १४४ बियांनंतर ओळ पुन्हा त्याच दिशेला येते. शंभरेक छिद्रांत हे कळणार नाही, पण काही हजार छिद्रे पाडली तर कडेला १४४ सरळ आरे दिसू लागतील. खरा कोन सुमारे १३७.५०८ अंश आहे आणि त्यामागची संख्या कोणत्याही अपूर्णांकात बसत नाही. हे ज्याला ठाऊक आहे तो तीन दशांश स्थळे लिहून मोकळा होईल. ज्याला ठाऊक नाही तो संगणकाला दोष देत बसेल.

वर्गात काय करावे?

आजच्या आज्ञावल्यांत 'मळसूत्र' म्हणून तयार कळ असते. ती दाबली की आटे उमटतात. कळ दाबणाऱ्याने कागदी त्रिकोण कधी गुंडाळलेला नसला तरी त्याचे अडत नाही. अडते ते पुढे, भाग एकमेकांत बसत नाहीत तेव्हा. प्लास्टिकचे झाकण साच्यात थंड होताना आकसते, म्हणून साचा थोडा मोठा करावा लागतो. व्यास वाढवला, पण पिच तसाच ठेवला, तर झाकण बाटलीच्या आट्यांवर नीट चढत नाही. आकसणे सगळ्याच मापांना लागू होते, हे कळीला कसे समजणार?

म्हणून आम्हाला वाटते, की हा विषय शिकवायला संगणकाची वाट पाहू नये. डब्यावरचा त्रिकोण, नळीवरून उलगडणारा दोरा आणि कोनमापकाने मांडलेली शंभर ठिपक्यांची सूर्यफुलाची तबकडी ही तीन कामे एका आठवड्याच्या तासांत होतात. नंतर शाळेत संगणक असेल तर हीच सूत्रे त्यात घालून मुलांना आकडे बदलू द्यावेत. आणि घरची कोणतीही वळणदार वस्तू आणायला सांगून दोनच प्रश्न विचारावेत. यातल्या दोन गती कोणत्या? आणि त्यांना बांधणारी संख्या कोणती?